कोणाचा मोह कोणता

महाशिवरात्रीची जत्रा उठली की प्रतापगडाची वाट पुन्हा मोकळी होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावच्या अंगाला हा डोंगर. जुन्या किल्ल्याचे थोडे अवशेष झाडोऱ्यात दडलेले. इथे महादेव आहे, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही. जत्रेकरू दोन्हीकडे माथा टेकतो. हे अजून टिकून आहे, म्हणून आधी सांगितलं.

रेंग्या, म्हणजे छोट्या बैलगाड्या, मात्र गेल्या. जत्रेला बैल जुंपून अख्खं घर यायचं, शिधा, सरपण, लेकरं सगळं घेऊन. आता लोक गाडीने येतात आणि संध्याकाळी घरी असतात.

वरून इटियाडोहाचं पाणी दिसतं. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० च्या आसपासचं. खाली धानाच्या बांध्या. लुचई, दुभराज, हिरानक्की ही वाणं ज्यांच्या तोंडात आहेत त्यांच्या शेतात ती आता क्वचितच असतात.

पायथ्याकडे नॉर्ग्येलिंग. १९७२ पासूनची तिबेटी वसाहत. बर्फाच्या मुलखातून निघालेली माणसं इथल्या वैशाखात रुजली. त्यांची मुलं आता शहरात, परदेशात. तिबेट स्वतः पाहिलेले म्हातारे दरवर्षी कमी होताहेत.

पुढचं जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचं, २०१३ चा. गाभ्यात पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या जंगलात कालीमाटी, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं होती. सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर नावाने त्यांचं पुनर्वसन झालं. सोयी मिळाल्या नाहीत म्हणत मध्यंतरी काही कुटुंबं जुन्या जागी परतलीही होती. वाघाला जागा हवी, हे मला मनापासून पटतं. पण तिथून काय काय गेलं याचा हिशेब कुठेच नाही, हेही तितकंच खुपतं.

घरं आधी जातात. कवेलू उतरवून नेतात, लाकूडफाटाही नेतात, उरलेली भिंत दोन पावसाळ्यांत माती होते. उखळ जमिनीत गाडलेलं, ते राहतं. धान कांडायची ढेकी नेली तरी नव्या घरात तिला जागा नसते. धानाची बांबूची ढोलीही तशीच: शेणामातीने लिंपायला दोन बायका लागायच्या, आणि ते काम लेकी आयांकडून शिकायच्या. परसातला मुनगा काही वर्षं शेंगा देतो, मग रान त्याला गिळतं. गावदेवी मातामाय मात्र झाडाखालीच राहते. देवाला हलवायचं कसं, हा प्रश्न गोंडांच्या घरात अजून मिटलेला नाही.

सगळ्यांत मोठं नुकसान मोहाचं. झाडं शाबूत आहेत. फूल पडायच्या आधी घरची माणसं झाडाखालचा पाचोळा झाडून, जाळून जमीन साफ करायची. त्या काळ्या वर्तुळात पहाटे पिवळसर, रसाळ फुलं पडत. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन सगळे तिथे. कोणतं झाड कोणाचं, हे सातबाऱ्यावर नव्हतं, गावाच्या तोंडी होतं. आज्याच्या हाताने वाटणी झालेली. भांडण झालंच तर म्हातारी माणसं बसून मिटवत. आता तीच फुलं अस्वल आणि हरणं खातात. सोबत चालणारे एक काकाजी म्हणाले, “घर बांधून भेटते बाबू, मोह कोठून भेटन?”

तलावांचंही असंच. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधला असं सांगतात, सात डोंगरांच्या मधे. पाळ कधी दुरुस्त करायची, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं, हे कोहळी समाजाला पाठ होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची पाळ राखणारे हात सुटले. पुष्कळ तळी आज गाळाने अर्धी भरली आहेत.

सगळंच आटतंय असं नाही. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला आद्य गुरू लिंगोच्या नावाने दूरदूरच्या राज्यांतून गोंड येतात, आणि ती गर्दी वाढतेच आहे.

श्रीरामपूरला साठी ओलांडलेली माणसं अजून आहेत. कोणीतरी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं, आणि लिहून घ्यावं: कालीमाटीच्या कोणत्या दांडावर कोणाचे किती मोह, कोणत्या बोडीचं पाणी आधी कोणाला, मातामाय कोणत्या झाडाखाली.