फिलोमिना ठेवावं की नाही

प्रिय अवनी,

परवा फोनवर बाळ रडायला लागलं आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. जावयांना मुलीला पणजीचं नाव द्यायचंय, आणि तुला कुणीतरी सांगितलं की फिलोमिना ही संत चर्चनेच ‘रद्द’ केली. नाव जुनाट आहे, या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नाही. रद्दचं मात्र ऐक.

नाव ग्रीक आहे. फिलूमेने म्हणजे जिच्यावर माया आहे ती. आपल्याकडची प्रिया म्हण. नावांच्या पुस्तकांत ‘सामर्थ्य आवडणारी’ असाही अर्थ देतात, पण तो मला ओढूनताणून लावलेला वाटतो. पक्षी झालेली फिलोमेला वेगळी. तिची कथा इतकी भीषण आहे की बाळंतिणीला सांगणार नाही.

संत बाजूला ठेवली तरी नाव फार जुनं. इसवी सनापूर्वी १६५ मध्ये रोममध्ये टेरेन्सचं ‘सासू’ नावाचं नाटक लागलं. त्यातली सून फिलूमेना. ती रुसून माहेरी गेली असं समजून सगळे बिचाऱ्या सासूला बोल लावतात. (दोन हजार वर्षांत काय बदललं, ते तूच सांग!) गंमत म्हणजे नाटकभर चर्चा हिचीच, पण ही रंगमंचावर एकदाही येत नाही. पुढच्या फिलोमिनाचंही तेच झालं.

मे १८०२ मध्ये रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. तोंडाशी तीन भाजक्या फरश्या, त्यांवर ओळीने ‘लुमेना’, ‘पाक्स ते’, ‘कुम फि’. अर्थ लागेना, तेव्हा पहिली फरशी शेवटी नेली. मग वाचता आलं : ‘पाक्स तेकुम फिलुमेना’, तुला शांती लाभो. आत एका कोवळ्या मुलीची हाडं होती. बाकी काही नाही, ना कुळ ना काळ. पुढे मारुक्की नावाच्या पुरातत्त्वज्ञाने तर शंका काढली की फरश्या आधीच्या कुठल्या कबरीच्या असाव्यात. म्हणजे हाडं एकीची आणि नाव दुसरीचंच!

१८०५ मध्ये ते अवशेष नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेले. माणसांना नुसतं नाव पुरत नाही, चरित्र लागतं. ते १८३३ मध्ये एका जोगिणीला दृष्टान्तात मिळालं : ग्रीक राजकन्या, बादशहाला नकार, हौतात्म्य. १८३५ मध्ये फ्रान्सची पोलिन झारिको मुन्यानोला येऊन दुखण्यातून उठली, आणि १८३७ मध्ये सोळाव्या ग्रेगरी पोपने उपासनेला मान्यता दिली. मग नाव आयर्लंडपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत पसरलं. म्हैसूरच्या सेंट फिलोमिना चर्चची कोनशिला १९३३ मध्ये बसवली ती तिथल्या महाराजांनी.

फेब्रुवारी १९६१ मध्ये रोमने तिचा सण सगळ्या चर्चच्या दिनदर्शिकांतून काढायला सांगितलं. झालं ते एवढंच. घरी कुणी तिचा धावा करायला बंदी नव्हती. मुन्यानोत आजही तिची पूजा चालते, म्हैसूरच्या चर्चचं नावही तेच आहे. आणि वसईत, गोव्यात, मंगळुरात ज्या बायका हे नाव लावत होत्या, त्यांनी काही ते दिनदर्शिकेला विचारून सोडलं नाही.

नेपल्सच्या फिलुमेनाला नाटककार दे फिलिप्पोने १९४६ मध्ये पूर्ण नाटक दिलं, ‘फिलुमेना मार्तुरानो’. ही मात्र रंगमंच सोडतच नाही. तीन मुलगे, त्यांतला आपला कोणता, हे नवऱ्याला मरेस्तोवर विचारलं तरी सांगत नाही. पुढे सिनेमात ती सोफिया लॉरेन झाली. नावाला ठसका हवा असेल तर ही बाई लक्षात ठेव.

माझं विचारशील तर ठेवा. हाक मारायला मिनू आहेच. फक्त जन्मदाखल्याआधी मिना की मेना ते पक्कं करा. पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चमध्ये असेल, तिच्यात पाहा. आणि बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख लवकर कळव, मला गाडीचं आरक्षण करायचंय.

तुझी,
मावशी