नव्या टायरांवर सातार्‍याहून सांगलीस

सातारा आणि सांगली हीं दोन्ही गांवें कृष्णेच्याच खोर्‍यांतलीं. परंतु त्यांच्या भोंवतालचा मुलूख एका प्रकृतीचा नाहीं. पश्चिमेस सह्याद्रीचे घाट, मधल्या पट्टींत काळी कसदार जमीन आणि ऊंस, व पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा प्रदेश. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथें उगम पावलेली कृष्णा सांगलीस पोंचते, तेव्हां त्या गांवचा स्वतःचा पाऊस मात्र पांचशें-सहाशेंच्या घरांत असतो. एकाच कुटुंबाची मोटार वर्षभरांत या तिन्ही मुलखांतून हिंडते. भाद्रपदांत ती यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर फुलें पाहावयास जाते; दिवाळीच्या सुटींत पाटणवरून कुंभार्ली उतरून चिपळुणास जाते; आणि चैत्रांत म्हसवडच्या वाटेवर तापलेल्या डांबरावरून धांवते. अशा गाडीला टायर कोणते घ्यावे हें ठरवितांना भूगोलाचें पुस्तक जवळ असलेलें बरें.

आमच्या घरीं हा प्रश्न मृग निघण्यास पंधरा दिवस उरले असतां उभा राहिला. सांगलीस आमच्या भगिनीच्या घरीं नातू झाला होता, आणि बारशाला आमच्या मातोश्रींनीं यावें असा आग्रहाचा निरोप होता. मातोश्रींचें वय त्र्यायशी. पणतूचें तोंड पाहिल्यावांचून त्या राहणार नाहींत, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. बारसें पावसासाठीं थांबत नाहीं. आणि वळवाच्या व मृगाच्या पहिल्या सरींनीं रस्ता जितका निसरडा होतो, तितका तो भर आषाढांतहि होत नाहीं. महिनोन् महिने सांचलेली धूळ व वाहनांचें तेल पहिल्या पाण्यांत कालवून त्याचा लेप डांबरावर बसतो.

आपल्या घरांत तांदूळ दातांखालीं धरून घेतात, लुगड्याचा पोत बोटांनीं चाचपून पाहतात, तूप तळहातावर चोळून हुंगतात. मोटारीच्या टायराकडे मात्र हवा भरण्यापलीकडे कोणी वांकून पाहत नाहीं. वास्तविक धांवत्या गाडीचा रस्त्याशीं संबंध येतो तो केवळ चार ठिकाणीं, आणि तेंहि प्रत्येकीं सुमारें तळहाताएवढ्या जागेंत. आजी, सुना, मुलें व फराळाचे डबे हें सारें त्या चार तळहातांवर तोललेलें असतें.

आमची पुतणी सांगलीस वालचंद महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकते. हें महाविद्यालय १९४७ सालीं स्थापन झालें, आणि या बाजूच्या अनेक घरांतील दोन-दोन पिढ्यांचे इंजिनियर तेथूनच बाहेर पडले आहेत. सुटींत ती घरीं आली होती. तिनें अंगणांत बसकण मारून चारी टायर पाहिले. नक्षी अजून बरी दिसत होती, कारण गाडी फारशी धांवलेली नव्हती. तिनें टायराच्या बाजूस कोरलेली अक्षरें फडक्यानें पुसून वाचलीं व आमच्या थोरल्या बंधूंना हांक मारली.

“काका, नक्षी आहे, पण या टायरांना सहा वर्षें होऊन गेलीं. बाजूला बघा, बारीक भेगा पडल्या आहेत.”

हें गणित वाचकांनींहि समजून घेण्यासारखें आहे. टायराच्या बाजूवर एका लांबोळ्या चौकटींत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२५ असे आंकडे असल्यास तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. गाडी उभी असली तरी ऊन व हवा यांच्यायोगें रबराचें वय वाढतच असतें. तें कठीण होतें आणि ओल्या रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. पांच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावें, व दहा वर्षांपुढें नक्षी कशीहि असली तरी टायर वापरूं नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. पुष्कळ मोटार-कारखानदार सहा वर्षांवरच हात आंखडतात. झिजेची मर्यादा कायद्यानें ठरलेली आहे. खोबणींत मधून मधून बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली कीं १.६ मिलिमीटरची हद्द संपली असें जाणावें.

या खोबणी शोभेसाठीं कोरलेल्या नसतात. ओल्या रस्त्यावरचें पाणी त्यांतून बाजूला फेंकलें जातें व रबर डांबराला भिडतें. खोबण उथळ झाली म्हणजे वेगांत पाण्याचा थर टायरला वर उचलून धरतो. मग सुकाणूं फिरवलें तरी गाडी ऐकत नाहीं, आणि ब्रेकहि निरुपयोगी होतो.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर खल झाला. वैशाखांत नातवाची मुंज होऊन गेलेली. घरची शिल्लक बेताची. थोरल्या बंधूंच्या हातीं घरचा जमाखर्च. त्यांचें म्हणणें असें कीं, तूर्त दोनच टायर घ्यावे व ते पुढें बसवावे, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आहे. धाकट्या बंधूंनीं वर नवें रबर चढविलेले रिमोल्ड टायर सुचविले. ट्रकांना ते सर्रास वापरतात, हें खरें आहे. पुतण्याला रुंद टायर हवे होते. त्यानें गाडीला रुबाब येतो, असें त्याचें मत.

पुतणीनें एकेकाला उत्तर दिलें. रुंद टायर वळणावर मडगार्डला घांसण्याची भीति, शिवाय पेट्रोल अधिक जळतें. कारखान्यानें दाराच्या खांबावर जो आंकडा चिकटविला आहे, तोच घ्यावा. ट्रकाचा टायर पुन्हा रबर चढवितां यावें अशाच बेतानें मजबूत केलेला असतो. घरच्या मोटारीच्या टायराला तो न्याय लागत नाहीं. आणि दोनच घ्यावयाचे तर ते मागें बसवावे. पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी सरळ पुढें जाते, व वेग कमी करून तिला सांवरतां येतें. मागचीं घसरलीं तर गाडी गर्रकन् फिरते, आणि तेथें सराईताचाहि इलाज चालत नाहीं. थोरले बंधू म्हणाले, “मग दोन मागें घेऊं.” तेव्हां आंतून मातोश्रींचा आवाज आला, “अरे, पाऊस काय मागच्याच चाकांवर पडणार आहे?” चारी टायर एकाच वयाचे आहेत, हा मुद्दा त्यांनीं आपल्या भाषेंत मांडला होता. थोरल्या बंधूंनीं वही मिटली, आणि दिवाळीस ठरलेला दूरचित्रवाणीचा नवा संच पुढील वर्षावर ढकलला.

दुसर्‍या दिवशीं सातार्‍यांतलीं तीन दुकानें पाहिलीं. आमच्या गाडीच्या टायरावर १८५/६५ आर १५ ८८ एच् अशीं अक्षरें आहेत. १८५ ही मिलिमीटरांत रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा पासष्ट. आर म्हणजे आंतील धागे मध्यापासून अर्‍यांसारखे बाहेर गेलेला रेडियल टायर. १५ हा चाकाचा इंचांतील व्यास. ८८ म्हणजे एका टायरानें ५६० किलोग्रॅमपर्यंत भार उचलावा, आणि एच् म्हणजे ताशीं २१० किलोमीटर ही वेगाची कमाल. एका दुकानीं स्वस्त म्हणून दाखविलेल्या टायरावर ८२ हा आंकडा होता, म्हणजे ४७५ किलोग्रॅम. भरल्या घराच्या गाडीला तो पुरेसा नव्हे. दुसर्‍या दुकानीं आंकडे बरोबर होते, परंतु माल दोन वर्षें कोठारांत पडलेला. सांवलींत नीट ठेवलेला टायर कांहीं महिन्यांत बिघडत नाहीं, हें खरें. तथापि पूर्ण भाव द्यावयाचा तर ताजा माल मागणें रास्तच. तिसर्‍या दुकानदारानें न विचारतां आठवड्याचे आंकडे दाखविले, ते तीन महिन्यांपूर्वींचे निघाले. पसंतींत घाटाचा व पावसाचा विचार पुढें ठेवून सरळ रुंद खोबणींची नक्षी घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणून भाव करासह विचारावा, आणि पावतीवर टायरांचे क्रमांक लिहून घ्यावे. पावतीवांचून पुढें हमीचा दावा करतां येत नाहीं.

चाकें चढत असतां आम्हांस लहानपणीं पाहिलेलें एक दृश्य आठवलें. गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धांव चढवितांना ती शेणकुटांच्या विस्तवांत लाल करीत, चाकावर ठोकून बसवीत, आणि वर पाणी ओतलें कीं ती आक्रसून चाकाला घट्ट मिठी मारी. १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनीं मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचें चाक केलें, आणि लोखंडी धांवेचें राज्य हळूहळू सरलें. हिंदुस्थानांत त्या डनलॉपचाच कारखाना १९३६ सालीं बंगालमध्यें साहागंज येथें निघाला. तो आज बंद आहे. मद्रासेस १९४६ सालीं मुलांचे रबरी फुगे करूं लागलेली मंडळी पुढें एम्. आर्. एफ्. या नांवानें टायरांत अग्रेसर झाली, आणि मुंबईस १९५८ सालीं सिएट आली. सांगलीकडील उसाच्या बैलगाड्याहि आतां हवेच्या टायरांवर चालतात.

दुकानांतून निघतांना चाकांचें बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घेतलें. नव्या टायरावर सांच्यांतून सुटण्यासाठीं लाविलेल्या द्रव्याचा गुळगुळीतपणा राहतो. म्हणून पहिले दोन-तीनशें किलोमीटर गाडी जपून हांकावी. प्रवासाच्या आदल्या दिवशीं गाडी थंड असतां हवा भरली, आणि सर्व मंडळी बसणार म्हणून दारावरच्या पट्टींत पूर्ण भारासाठीं दिलेला आंकडा धरला. टायराच्या बाजूवर लिहिलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरावयाचा नसतो.

बारशाच्या आदल्या दिवशीं सकाळीं निघालों. शेंद्रें, नागठाणें, अतीत, काशीळ करीत उंब्रजपर्यंत ऊन होतें. पुढें आभाळ भरून आलें आणि एकाएकीं सर कोसळली. आम्हीं वेग निम्म्यावर आणला होता. एवढ्यांत बाजूच्या रस्त्यावरून दुधाच्या किटल्या लादलेली एक फटफटी मान वर न करतां महामार्गावर आली. ब्रेक दाबला, गाडी रेषेंत राहिली आणि त्या तरुणापासून दोन-तीन हातांवर थांबली. त्यानें ओल्या चेहर्‍यानें आमच्याकडे पाहिलें, हात जोडले, व तो निघून गेला. मागें मातोश्रींच्या हातांतली जपमाळ थांबली नव्हती. थोरले बंधू बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, नंतर एवढेंच म्हणाले, “चार घेतले तें बरें झालें.”

कराडास प्रीतिसंगमावर उतरलों. येथें कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. सर ओसरली होती, वाळवंट ओलें होतें, आणि मुलें पाण्याकडे धांवत होतीं. पुढें पेठेजवळ महामार्ग सोडून आष्ट्याची वाट धरली. दुतर्फा उसाचे फड, कोठें हळदीच्या लागणीसाठीं पाडलेले वाफे. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच काळ्या मातीचें देणें. हिंवाळ्यांत मात्र या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, चाकांबरोबर शेतांतला चिखल डांबरावर येतो, आणि रात्रीं तो दिसत नाहीं. या वाटेनें त्या दिवसांत जाणार्‍यांनीं ओल्या रस्त्याइतकीच सावधगिरी ठेवावी.

सांगलवाडीहून कृष्णा ओलांडून गांवांत शिरलों. १९२९ सालचा आयर्विन पूल अजून उभा आहे. २००५ व २०१९ सालच्या महापुरांत सांगलीकर याच पुलावरच्या पाण्याचे आंकडे कान देऊन ऐकत होते. गणपतीचें दर्शन घेऊन दुपारच्या आंत भगिनीच्या दारीं पोंचलों. मातोश्रींनीं हातपाय धुतले आणि कोणाशींहि न बोलतां सरळ पाळण्यापाशीं जाऊन बसल्या.

परत आल्यावर जुन्या टायरांची व्यवस्था लावली. तीन दुकानदाराकडे गेले. एक मुलांच्या झोक्यासाठीं ठेविला, पण पाणी सांचून डांस होऊं नयेत म्हणून त्याला खालून भोंकें पाडून घेतलीं. स्टेपनीहि तितकीच जुनी असल्यामुळें ती केवळ जवळच्या दुकानापर्यंत पोंचण्यापुरती, असें ठरलें. पुतणीनें जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, विम्याच्या तारखेखालीं, नव्या टायरांचा आठवडा व साल लिहून ठेविलें, आणि पुढें पांच वर्षांनंतरचें साल लिहून त्यासमोर ‘तपासणें’ असा शब्द घातला. त्याखालीं थोरल्या बंधूंनीं आपल्या हातानें लिहिलें, ‘चारी.’