तळघरातला वारा

शिकागोच्या उपनगरातले आमचे शेजारी तळघराचा जिना उतरून एक खटका दाबतात आणि सारं घर श्वास घेतं. खाली पंखा घुमू लागतो, वारा नळांतून वर चढतो, कुठेतरी चामडं ताणलं जातं. सूर अजून एकही नाही.

ऑर्गन म्हटलं की मला आपल्या संगीत नाटकातला, पायानं भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पट्ट्या थरथरतात. इथे प्रत्येक स्वराला स्वतःची नळी आहे, बासरीसारखी. काही पेन्सिलीएवढ्या, तर काही १६ फुटी, लाकडी. छताला लागायला लागल्या म्हणून कोपरातून वळवून उभ्या केलेल्या. हे वाद्य मूकपटांच्या अंधारासाठी घडलं. रॉबर्ट होप-जोन्स हा टेलिफोनच्या कामातला इंग्रज. कळीपासून नळीपर्यंतचा निरोप त्यानं विजेच्या तारेवर सोपवला. १९१० मध्ये तो वुर्लिट्झर कंपनीत आला, आणि घोड्यांच्या टापांपासून वादळापर्यंत सगळं एका वादकाच्या बोटांखाली आलं. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला, पडदा बोलू लागला. पुढे थिएटरंच पाडली जाऊ लागली, आणि नळ्या शिशाच्या भावानं भंगारात निघाल्या.

शेजाऱ्यांनी त्या भंगारातून हे वाद्य जमवलं आहे. घोड्याच्या नालेसारखी वळलेली कळींची मांडणी एका थिएटरची, नळ्या दोन निराळ्या गावांच्या, पंखा चौथ्याच ठिकाणचा. मला वाटायचं, जोडलं की झालं. पण नळी जुना वारा विसरत नाही. दहा इंच पाणी वर ढकलेल एवढ्या वाऱ्यावर घडवलेली नळी पंधरा इंचांवर किंचाळते, आणि पंधराची दहावर मलूल होते. म्हणून एकाच पंख्याचा वारा वेगवेगळ्या पेट्यांत अडवून, स्प्रिंगा कमी-जास्त ताणून, जिला जेवढा सोसेल तेवढाच द्यायचा. कोणत्याही सुरेल मैफलीइतकंच हे काम मला थोर वाटतं.

आणि चामडं! प्रत्येक नळीखाली मेंढीच्या कातड्याचा इवलासा भाता. तो झिजला की नळी मुकी होते, किंवा थांबतच नाही. नळ्यांच्या एका रांगेत किमान ६१ स्वर. अशा आठ रांगा. शेजाऱ्यांनी ते सगळे भाते हातानं कापले, चिकटवले, सुकवले. त्यांची बोटं पाहिली की त्या वर्षांचा हिशेब विचारावासा वाटत नाही.

परवा ते वाजवायला बसले, तेव्हा पक्ष्याची कळ नुसतीच फुसफुसली. मूकपटातल्या बागेत किलबिलणारा हा पक्षी म्हणजे पाण्याच्या वाटीत तोंड बुडवलेली एक छोटी शिट्टी. उन्हाळ्यात पाणी आटलं होतं. माझी आई गच्चीत चिमण्यांसाठी परळ भरून ठेवायची, तसंच जपून त्यांनी वाटीत पाणी ओतलं, मागे सरकले आणि मला म्हणाले, “आता तुम्ही दाबा.”