कुलूप नसलेली पेटी

लोखंडी तिजोरी, दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या, दारात बंदूकधारी पहारेकरी आणि रोज सायंकाळी रोकड मोजून केलेल्या सह्या, या व्यवस्थेत ज्याचे आयुष्य गेले, त्याला उघड्या डोंगरावर कुलपाविना ठेवलेली पेटी ही कल्पनाच सहजासहजी पटत नाही. जिओकॅशिंग या नावाने जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाचा सारा डोलारा मात्र अशाच पेट्यांवर उभा आहे.

खेळ असा. कोणीतरी रानात घट्ट झाकणाची पेटी दडवितो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी उपग्रहांच्या संकेतांवरून ती शोधून काढावयाची. पेटीत एक वही असते. तीत नाव व दिनांक लिहावयाचा. काही किरकोळ वस्तूही असतात. त्यांतली एखादी घ्यावयाची असल्यास तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू तेथे ठेवावयाची, आणि पेटी होती तेथेच पुन्हा झाकून परतावयाचे.

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत पूर्वी लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती चूक काढून टाकण्यात आली. लगोलग ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात पहिली बादली ठेवली. तीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबाही होता. आज अशा पेट्यांची संख्या तीस लाखांच्या वर आहे. खाद्यपदार्थ मात्र आता ठेवू देत नाहीत. वासाने वन्यप्राणी येतात, पेटी फोडतात आणि नको ते त्यांच्या पोटात जाते.

माझी कन्या सिडनीस असते. गेल्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, आम्ही शहराच्या उत्तरेस असलेल्या कु-रिंग-गाय चेस या राष्ट्रीय उद्यानात या शोधासाठी गेलो. १८९४ पासून संरक्षित असलेला हा मुलूख वालुकाश्माच्या टेकड्यांचा, खोल घळींचा आणि निलगिरीच्या रानाचा आहे. तेथे पेटी ठेवण्यास उद्यानाच्या प्रशासनाची संमती लागते. स्क्रिबली गम नावाच्या निलगिरीच्या पांढुरक्या खोडांवर नागमोडी रेघा दिसल्या. कोणा उनाडाने त्या कोरल्या असाव्यात असे वाटले. पण एका पतंगाची अळी सालीखालून पोखरत जाते आणि वरची साल गळली की तिचा मार्ग उघडा पडतो, असे जावईबापूंनी सांगितले. सूर्यास्त पाचच्या सुमारास असल्याने जेवण त्यापूर्वी उरकावे, या हिशेबाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती.

मोबाइल काही मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पुढचे काम डोळ्यांचे. एका कपारीशी वाळक्या काटक्या जरा जास्तच नीटनेटक्या रचलेल्या दिसल्या. नऊ वर्षांच्या नातवाने आत हात घालण्यापूर्वी काठीने हलकेच चाचपले, कारण तिकडे विषारी कोळी असतात. शिवाय आपल्या हाताखाली कोणी जीव चिरडू नये, ही त्याच्या आईची शिकवण. पेटी निघाली. तीत गोट्या, किल्ल्यांची साखळी आणि घडीचे एक सुरेख भिंग होते. भिंगावर त्याचा जीव जडला. त्याच्या खिशात प्लास्टिकचा एक डायनोसॉर तेवढा होता.

"आजोबा, हा त्या भिंगाएवढ्या किमतीचा आहे का?" त्याने विचारले.

तारण मालाचे मूल्यांकन मी कैकदा केले आहे, येथे मात्र मी एवढेच म्हणालो, "तुला काय वाटतं?"

त्याने भिंगातून निलगिरीची साल बराच वेळ न्याहाळली, मग भिंग पेटीत ठेवले आणि वहीत आपले नाव लिहिले.

दुपारच्या दुसऱ्या पेटीत ओलसर वहीखेरीज काहीच नव्हते. कोणीतरी सारे नेले होते. नातू संतापला. "मग मी भिंग कशाला ठेवलं?" त्याची आई म्हणाली, "ज्याने नेलं, त्याला विचार हा प्रश्न." तो गप्प राहिला. निघताना मात्र त्याने डायनोसॉर त्या रिकाम्या पेटीत ठेवला आणि मोबदल्यात घेण्यासारखे काही नव्हतेच.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक वजनमाप आणि अस्सलाच्या जागी नक्कल देणे, हे दोन दोष आपल्या आचार्यांनी आवर्जून गणले आहेत. व्यापारी कुळांना ते तोंडपाठ असतात. पण परदेशात वाढणाऱ्या, किंवा इथेही दुकानाच्या गादीवर कधी न बसलेल्या मुलाच्या हाती तराजू येतो केव्हा? पूर्वी मूल आजोबांच्या शेजारी बसून पाहत असे, की गिऱ्हाईक वळून बघत नसतानाही काट्याचे पारडे सरळच राहते. आज ती संधी शोधावी लागते. त्या कपारीत दोनच गोष्टी होत्या: एक मोहाची वस्तू आणि कोणाचाही पहारा नसणे. व्रताला एवढे पुरते.

दुसरी पेटी रिकामी होती, तेही बरेच झाले असे मला वाटते. व्यापारात उतरणाऱ्याला कधीतरी असा लबाड भेटणारच. त्याचे पाहून आपले माप बदलावयाचे की नाही, हा प्रश्न मुलाला नवव्या वर्षी पडला, तोही थोडक्या मोलाच्या वस्तूवरून.

आपल्या पाठशाळांच्या सुट्टीतील शिबिरांत हा खेळ सहज घेता येईल. गावाजवळचा डोंगर, वनखात्याची परवानगी, एक डबा, एक वही, पेन्सिल आणि मुलांनी स्वतः आणलेल्या वस्तू, एवढेच साहित्य लागते. मोठ्यांनी मात्र पेटीपासून थोडे दूर उभे राहावे.