साखळीची पारख

साखळी या वस्तूला आपल्या समाजात फारसा मान नाही. बंदिवानाच्या पायात, कुत्र्याच्या गळ्यात, नाही तर रात्री दाराला, एवढाच तिचा आपला परिचय. जी साखळी बांधून न ठेवता चालविते, तिच्याकडे सुशिक्षित गृहस्थाचे लक्ष ती तुटल्याखेरीज जात नाही. मोटारसायकलची साखळी ही त्यांतलीच. लुगडे घ्यावयाचे झाले तर आपण दहा दुकाने पालथी घालतो. परंतु घरचा मिळवता मुलगा ज्या साखळीच्या भरवशावर मध्यरात्री परत येतो, तिची निवड मात्र ‘मिस्त्री घालील ती’ एवढ्या तीन शब्दांत उरकतो.

आमच्या छावणीत राहणाऱ्याला ही बेफिकिरी शोभत नाही. येथे एके काळी हैदराबाद कंटिंजंटचा रिसाला होता. १८५७ साली त्याने उठाव केल्याची नोंद इतिहासात आहे. त्या स्वारांच्या जिवाची मदार घोड्याच्या तंगावर असे. पुढे घोडे गेले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि आता पाळी बदलण्याच्या वेळी नगर नाक्यावरून जो रिसाला दौडत जातो तो दुचाकींचा. तंगाची जागा साखळीने घेतली, इतकेच.

या रिसाल्यातलाच एक स्वार म्हणजे आमच्या शेजारच्या गुरुजींचा मुलगा. तो वाळूजला एका कारखान्यात आहे आणि महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी करतो. त्याच्या शंभर सीसीच्या गाडीची साखळी इतकी सैल झाली होती की, ती कोपऱ्यावर वळली की तिच्या खडखडाटाने वहिनींना मुलगा आल्याचे कळे. चढावर ती दातांवरून घसरूही लागली होती. नवी घ्यावयाची यावर एकमत होते. कोणती, यावर बाप-लेकांचे बिनसले. गुरुजींना स्वस्तातली हवी होती, तीही नुसती साखळी, चक्रे जुनीच ठेवून. चिरंजीवांचे मन सोनेरी, रबरी कड्यांच्या साखळीवर जडले होते. “काका, तुम्हीच सांगा बाबांना,” असे म्हणून त्याने आम्हांस पंच केले.

साखळी ‘ताणते’ असे आपण म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणत नाहीत. झिजतात ते सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती नळी आणि नळीवर फिरणारा रूळ. हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टर येथे हीच रचना सिद्ध केली, आणि तिच्यात मूलतः पालट झालेला नाही. पिन व नळी यांच्यामध्ये धूळ शिरली की ती कानशीसारखे काम करते. १२० सांध्यांच्या साखळीत एकेक सांधा मिलिमीटरचा अवघा दहावा भाग झिजला, तरी एकूण लांबी १२ मिलिमीटरांनी वाढते, म्हणजे जवळजवळ एका कडीने. संसारातल्या कुरबुरींचेही गणित असेच असते.

निवड करताना पहिला प्रश्न आकड्याचा. ४२८ यातील ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश. दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. ५२० असेल तर ते पाच अष्टमांश होते. उरलेल्या आकड्यांवरून रुंदी कळते. येथे हौसेला वाव नाही. चक्राला जो आकडा, तोच साखळीला. दुसरा प्रश्न जातीचा. साध्या साखळीला तेल बाहेरून पाजावे लागते. दुसऱ्या जातीत प्रत्येक सांध्याला रबरी कड्या बसवून ग्रीस आतच कोंडलेले असते. ही महाग, किंचित जड आणि रुंद; पण उघड्या साखळीच्या आणि लांब पल्ल्याच्या गाडीवर पैसे फेडून देते. तिलाही बाहेरून तेल लागतेच, आणि पेट्रोलने वा तारेच्या ब्रशाने धुतली तर त्या रबरी कड्यांचाच नाश होतो.

“दर रविवारी तेल घालीन,” असे चिरंजीवांनी वचन दिले. “रविवारी तो बारापर्यंत उठत नाही,” असे वहिनी आतून म्हणाल्या. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच. साखळी निवडावयाची ती आपण घेऊ म्हणतो त्या निगेवरून नव्हे, खरोखर घेतो त्या निगेवरून.

मग तिघे मिळून छावणीतल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी मागच्या चक्राचे दात दाखविले; ते मांजराच्या नखांसारखे वाकडे झाले होते. “खाली चेन नक्को डालो गुरुजी,” ते म्हणाले, “दाँतां घिस गए, नई कू बी खा जाते.” नंतर त्यांनी मुलाला विचारले, “ढक्कन कहाँ है?” गाडी रुबाबदार दिसावी म्हणून साखळीवरचे झाकण त्याने दोन वर्षांपूर्वी काढून टाकले होते. वाळूजच्या रस्त्याची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल तेव्हापासून थेट सांध्यांत जात होता. ते झाकण हीच त्या गाडीची खरी रबरी कडी होती!

निकाल असा झाला: नामांकित बनावटीची साधी ४२८ साखळी, सोबत दोन्ही चक्रे नवी, आणि माळ्यावरचे झाकण परत जागेवर. सोनेरी साखळी बंद झाकणाला घासण्याचा संभव होता, म्हणून ती गेली. गुरुजींना योजलेल्यापेक्षा अधिक पैसे मोजावे लागले, म्हणून तेही थोडे खट्टू झाले. परंतु धावत्या गाडीची साखळी तुटून पुढच्या चक्राशी अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी जखडू शकते. रात्री दीड वाजता, मालमोटारींच्या रांगेत त्याचा अर्थ काय, हे बापाला सांगावे लागत नाही. पैसे देताना त्यांनी घासाघीस केली नाही.

वहिनींची मात्र एक तक्रार उरली आहे. गाडी आता कोपऱ्यावर वळते ती आवाज न करता. फाटकाची कडी वाजेपर्यंत त्यांना काही कळत नाही, आणि तोवर त्या जाग्याच असतात.