कोब्यावर लाकडी जमीन

आम्ही दोघे भाऊ सुतार. आमचा कारखाना म्हणजे भाड्याचे गॅरेज, खाली सिमेंटचा कोबा. त्यावर दादा दिवसाचे दहा तास उभा. रात्री गुडघे शेकल्याशिवाय त्याला झोप नाही.

म्हणून लाकडी जमीन घालायचे ठरवले. आधी हातभर प्लॅस्टिक कोब्यावर चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवले. सकाळी आतून थेंब जमले होते. वरून कोरड्या दिसणाऱ्या कोब्यातूनही जमिनीतली ओल चढते आणि लाकूड कुजवते. तेव्हा सगळा कोबा जाड प्लॅस्टिकने झाकला, जोडांवर वीतभर पदर चढवला. त्यावर वाळवीचे औषध लावलेल्या रिपा फूटभर अंतराने मांडून १८ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवुड आवळले. स्क्रू प्लॅस्टिकला भोक पाडणार नाही, एवढाच लांब घेतला. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून भिंतीलगत १० मिलिमीटर फट सोडली.

शेजारी हसले, "लाकडी जमीन साहेबांच्या बंगल्यात शोभते!" पण ती बसवतो कोण? आम्हीच ना? मग आमच्या पायांखाली ती का नको?

आता पटाशी पडली तरी धार जात नाही, आणि दादा रात्री झोपतो. बंधूंनो, हत्याराइतकीच शरीराचीही निगा राखा. घर त्याच्यावरच चालते.