ता. क.

आमच्या अण्णांची, म्हणजे आजोबांची, पत्रं वाचून कुणालाही वाटेल की या घरात कधी काही घडतच नव्हतं. वर मधोमध ‘श्री’, उजवीकडे गावाचं नाव आणि तिथी, मग ‘अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व क्षेम असून तिकडील क्षेम कळवीत जावे.’ पुढे पाऊस किती झाला, लावणी कुठवर आली, भावकीत कुणाकडे कार्य निघालंय, आणि ‘कळावे’. संपलं पत्र. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं आणि अण्णा त्यातली निम्मी जागा मायन्यातच खर्च करायचे.

अण्णांचा हात थरथरायला लागल्यावर हे लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सहावी-सातवीत असेन, म्हणजे १९८४च्या आसपास. पत्र जायचं बडोद्याला, आत्याकडे. आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे. तिथून निघालेलं कार्ड बडोद्याला कधी चार दिवसांत पोचायचं, कधी आठ. अण्णा झोपाळ्यावर बसून सांगायचे, मी पाटावर बसून लिहायचो. ‘कळावे’ लिहून झालं की आतून, चुलीपाशून, आजीचा आवाज यायचा, “झालं का रे? आता माझं लिही.”

आजीला लिहिता येत नव्हतं. तिच्या वाट्याला यायचा तो ‘ता. क.’, आणि तोही उरलेल्या जागेत. जागा कार्डाच्या कडेलाच उरायची. कार्ड आडवं धरून, मग उलटं धरून मी मुंग्यांसारखी अक्षरं काढायचो. ‘ता. क. कपिला व्याली. पाडी झाली, कपाळावर चांद आहे.’ ‘ता. क. परसातल्या फणसाला यंदा अगदी बुडाशी धरलेत, पोरांच्या हाताला येतात.’ ‘ता. क. मांजरीने पिल्लं तुझ्या ट्रंकेत घातली आहेत. कुणी उघडझाप करत नाही. तुझी निळी साडी गेली असं समज.’

अण्णांना हे बिलकूल पसंत नव्हतं. “बडोद्यापर्यंत मांजरीचं बाळंतपण कळवायचं?” असं म्हणून ते झोपाळ्याला जरा जोरात झोका द्यायचे. पुढे आत्यानेच मला सांगितलं, कार्ड हातात आलं की ती आधी कडा वाचायची. सासरी सगळ्यांदेखत वाचून दाखवायला अण्णांचा मजकूर होता. कडेचा तिचा एकटीचा.

१९८९ साली आजी गेली. बडोद्याला तार गेली, आत्या आली, दिवसकार्य होऊन परत गेली. त्यानंतरचं पहिलं कार्ड मीच लिहिलं. तेच क्षेम, तोच पाऊस, ‘कळावे’. मी पेन हातात धरून थोडा वेळ थांबलो. आतून कुणी काही बोललं नाही. कार्डाच्या चारी कडा कोऱ्या राहिल्या आणि तसंच ते पेटीत पडलं.

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. गावात एसटीडी बूथ आला. रात्री उशिरा दर उतरल्यावर फोन करायचा आणि मीटरच्या आकड्यावर डोळा ठेवून बोलायचं. त्या काळात बातम्या पोचल्या, गप्पा नाही. जन्म, मरण, साखरपुडा, ऑपरेशन. मांजरीसाठी मीटर कोण पळवणार? मग मोबाइल आला आणि आता सारखं बोलता येईल म्हणून उलट बोलणंच राहून जायला लागलं.

बडोद्याचे काका गेल्यावर २०१६ साली आत्या माहेरी राहायला आली. तिचा मुलगा मेलबर्नला, बडोद्याचं घर एकटीला मोठं. माझे वडील, म्हणजे तिचे दादा, आणि ती दिवसभर ओटीवर बसून कुणाच्या लग्नात काय बिघडलं होतं यावर भांडायची. त्याच पावसाळ्यात वहाळाच्या पुलाखाली तिला एक कुत्र्याचं पिल्लू मिळालं. पांढरं, पाठीवर काळे ठिपके, म्हणून टिप्या. दुपारचा ताकभात तिच्याच हातचा लागायचा. दुसऱ्या कुणी घातला तर हुंगून परत जायचा आणि पायरीवर पाठ करून बसायचा. अशी पाठ करून बसायची कला त्याने कुणाकडून उचलली हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलायची हिंमत नव्हती.

जानेवारी २०२० मध्ये आत्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेली. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या आणि तिचे सहा महिने लांबत गेले. मेलबर्नला टाळेबंदीही कडक होती. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही. मुलगा-सून आपापल्या खोलीत लॅपटॉपसमोर, नातू तिसऱ्या खोलीत शाळेसमोर. आत्या खिडकीसमोर.

माझ्या मुलीने पुण्याहून ‘घरचे’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून दिला होता. त्यावर सकाळी फुलं, दुपारी काढे, संध्याकाळी कुणाचं तरी भाषण. आत्याने मला वेगळा निरोप पाठवला, “ते काढे माझ्याकडे सतरा ठिकाणांहून येतात. तू मला पत्र लिही.” म्हणून दर रविवारी मी तिला फोनवरच पत्र लिहायला लागलो. पहिलं पाठवल्यावर दोन मिनिटांत उत्तर आलं, “ता. क. कुठाय?”

त्या दिवसापासून ता. क. टिप्याचा. ‘ता. क. टिप्याने शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कोकमांत लोळण घेतली. आठवडाभर गुलाबी फिरतोय.’ ‘ता. क. दादांची डावी चप्पल नेली. उजवी नेत नाही. डाव्याच तीन जमवल्यात.’ पत्रात मी आंब्याचा भाव लिही, दादांची शुगर लिही, तिची उत्तरं यायची ती ता. क.ला.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. ताशी शंभरावर किलोमीटरचा वारा म्हणजे काय, ते आकड्यावरून कळत नाही. पोफळी आधी वाकल्या, मग कमरेत मोडाव्या तशा एकामागून एक मोडल्या. माड मुळासकट आडवे. पडवीवरची कौलं पत्त्यांसारखी उडत होती, आणि आम्ही सगळे देवघरात, टिप्या देव्हाऱ्याखाली. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता. आमच्या घरातून पूर्वी कधी समुद्र दिसला नव्हता.

वीज गेली ती महिन्यावर आली नाही. टॉवर मुका. पाचव्या दिवशी पडलेली झाडं तोडत रस्ता झाला तेव्हा मी मोटरसायकल घेऊन दापोलीच्या दिशेने निघालो आणि चढावर एका ठिकाणी फोनला दोन कांड्या आल्या. थांबून आत्याला फोन लावला. ती पलीकडे एक शब्द बोलेना. मी सांगत सुटलो, माणसं सगळी बरी आहेत, घर उभं आहे, पडवीचं छप्पर गेलं, बागेत सव्वाशे पोफळी गेल्या. मग तिने विचारलं, “आणि टिप्या?” टिप्या मागे उभा होता. मोटरसायकलमागे पळत आला होता. मी फोन त्याच्या तोंडाशी धरला. एरवी रात्रभर भुंकणारं ते जनावर त्या वेळी नुसतं धापा टाकत राहिलं. तेवढं तिला पुरलं.

पडवीला पुन्हा कौलं घालायची ऐपतही नव्हती आणि मिळतही नव्हती. पत्रे टाकले, निळे. पावसात त्यांच्याखाली बसून बोलणं ऐकू येत नाही. कौलं जाऊन पत्रे आले, हे पुढे महत्त्वाचं आहे.

पुढच्या जानेवारीत, थंडी चांगली पडली होती तेव्हा, पहाटे टिप्या एकदा भुंकला आणि ते भुंकणं मध्येच तुटलं. बॅटरी घेऊन बाहेर गेलो. गडग्यावरचे दोन चिरे ढासळले होते. उजाडल्यावर वहाळाच्या मऊ मातीत पंजाचे ठसे दिसले. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि कुत्रा गेला की “वाघाने नेला” एवढंच म्हणून लोक कामाला लागतात. वाडीतले त्या वर्षी चार गेले. टिप्याचा पट्टा करवंदीच्या जाळीत मिळाला. बाकी काही नाही.

“तिला कळवायचं नाही,” दादा म्हणाले. “इथे असती तर रडली असती चारचौघांत. तिथे एकटी कुणापुढे रडेल?” मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं. रविवारी पत्र लिहिलं आणि खाली घातलं, ‘ता. क. टिप्या मजेत.’ पुढच्या रविवारीही मजेत. तिसऱ्या रविवारी ‘टिप्या छान आहे, तुझी आठवण काढतो.’ शिमग्याच्या सुमारास तिने फोटो मागितला. जुन्यांतला एक काढून पाठवला, पायरीवर पाठ करून बसलेला. त्यालाही चार-पाच आठवडे झाले असतील-नसतील, एका दुपारी तिचाच फोन आला.

“पडवीवर कौलं कधी घातलीत?”

मी गप्प.

“फोटोत कौलं आहेत. वादळात गेली ती परत आली का उडत?” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि फोटोचं सोड. टिप्या मजेत कधीपासून असायला लागला रे? तो कधी मजेत नव्हता. तो कोकमात लोळायचा, चपला पळवायचा, रुसून बसायचा. मजेत वगैरे अण्णांच्या पत्रातली माणसं असायची. तू मजेत लिहिलंस तेव्हाच मला कळलं. म्हटलं बघू, किती दिवस जिवंत ठेवतायत.”

मी वाघाचं सांगितलं. दादांनी काय म्हटलं तेही सांगून टाकलं. ती रडली नाही. म्हणाली, “क्षेम पाहुण्यांना कळवतात. मला पाहुणी केलीत तुम्ही.” फोन ठेवला.

दहा दिवस काही नाही. माझे निरोप पोचत होते, वाचले जात होते, निळ्या खुणा दिसत होत्या. दादा दर संध्याकाळी विचारायचे, “काही आलं?” आणि नाही म्हटलं की झोपाळ्याला जोरात झोका द्यायचे, अगदी अण्णांसारखे. अकराव्या दिवशी निरोप आला, “कुठे पुरलात?”

“पुरायला काही मिळालं नाही. पट्टा मिळालाय.”

“टाकू नकोस.”

तेव्हापासून मी तिला सगळं कळवतो. वानरांनी शहाळी कशी पाडली, बांधावरून चुलतभावाशी कसं वाजलं आणि त्यात माझंही कसं चुकलं, दादा औषधाची गोळी तोंडात ठेवून खिडकीतून कशी थुंकतात. हे शेवटचं कळवल्यावर तिने दादांना व्हिडिओ कॉल लावून पंधरा मिनिटं झापलं. समुद्रापलीकडून झापणं खातानाचा दादांचा चेहरा मी बरेच दिवसांनी इतका खुललेला पाहिला. वाईट बातमी कळवताना आता मी आधी प्रस्तावना करत नाही. तिला त्याचा राग येतो.

सीमा उघडल्यावर ती एकदा येऊन गेली. पट्टा घेऊन गेली. गुडघ्यांमुळे आता पुन्हा इतका प्रवास होईल असं दिसत नाही. ती तसं म्हणत नाही, मीही विचारत नाही. एवढं लपवणं आमच्यात चालतं.

गणपतीत आमची आरती रात्री आठला. तेव्हा तिकडे साडेबारा वाजलेले असतात. तरी ती जागी. माझी मुलगी फोन टाळांच्या मध्ये धरते, आवाज फाटतो, चित्र थिजतं, नेटवर्क गणपतीत आमच्याकडे हमखास रडतं, कारण मुंबईहून सगळा गाव आलेला असतो. गेल्या वर्षी ऐन मंत्रपुष्पांजलीत फोन गेला. परत लावेपर्यंत प्रसाद वाटून झाला होता. मी पत्र लिहिलं, गौरींचा तेरडा यंदा चांगला मिळाला, मोदक एकशे एकवीस झाले, त्यातले अकरा फुटले, फुटलेले सगळे दादांनी खाल्ले.

सकाळी तिचं उत्तर आलेलं होतं. तिलाही आता लांब लिहायची सवय लागली आहे. तिकडे वसंत सुरू झालाय, मॅगपाय पक्षी घरट्यापाशी गेलं की डोक्यावर झडप घालतात, नातू हेल्मेट घालून कचरा टाकायला जातो, सुनेने तांदळाच्या पिठाची उकड पहिल्यांदाच नीट काढली पण तिला सांगितलं नाहीये, नाहीतर पुढच्या वर्षी बिघडेल. आणि खाली,

‘ता. क. छपरावर रात्री धावते म्हणून तुला सांगितलं होतं ना, ती पॉसम. काल रात्री आरतीचा फोन कट झाला तेव्हा मी दिवा न लावता गॅलरीत जाऊन बसले होते. कुंपणावरून गेली. पिल्लू झालंय तिला, पाठीवर बसवून फिरवते. इथे कुणाला बोलले नाही. दादाला सांग.’